डुकराच्या पोटांतील तांबें

देवघरांतील ताम्हन काळवंडलें म्हणजे तें चिंचेनें घासावें, हें महाराष्ट्रांतील कोणत्याहि गृहिणीस शिकवावें लागत नाहीं. ताम्हनावरील काळपट थर म्हणजे तांबें आणि हवेंतील प्राणवायु यांचें संयुग होय. नुसत्या पाण्यानें तें कितीहि धुतलें तरी हा थर हटत नाहीं. परंतु चिंचेचा कोळ किंवा लिंबाची फोड फिरवितांच तो विरघळून जातो आणि खालचें तांबूस तेज उघडें पडतें. याच्या दुसऱ्या बाजूचा अनुभवहि घरोघर आहे. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक किंवा चिंचेचें सार राहिलें तर तें कळकतें. तेथेंहि आम्लानें तांबें विरघळविलेलें असतें. फरक इतकाच कीं, ताम्हनावरचें तांबें मोरींतून वाहून जातें आणि सारांतील तांबें पोटांत जातें.

दुसरा एक अनुभव बागाईतदारांचा आहे. झाडांच्या बुरशीजन्य रोगांवर जें बोर्डो मिश्रण फवारतात, तें मोरचूद आणि चुना यांपासून करतात. फ्रान्समधील बोर्डो येथील मिलार्डे या शास्त्रज्ञानें 1885 सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढें कोंकणांतील सुपारीच्या बागांपासून नाशिककडील द्राक्षमळ्यांपर्यंत तें महाराष्ट्रांतहि परिचित झालें. मोरचूद म्हणजे तांब्याचें गंधकाम्लाशीं झालेलें लवण. साध्या पाण्यांत तें सहज विरघळतें व पाणी स्वच्छ निळें होतें. त्यांत चुन्याची निवळी ओततांच मात्र विरघळलेलें तांबें पुन्हां घनरूप होतें आणि फिकट निळा साका तयार होतो.

आम्लांत विरघळावें आणि चुन्यासारख्या अल्कली द्रव्याची गांठ पडतांच साका होऊन बसावें, असे तांब्याचे हे दोन स्वभाव आहेत. आजच्या भाषणाचा विषय समजण्यास ही एवढी पूर्वतयारी पुरे आहे. युरोप, अमेरिका, चीन इत्यादि प्रदेशांतील वराहपालनांत डुकरांच्या खाद्यांत तांब्याचीं संयुगें मिसळतात. तीं पोटांत गेल्यावर त्यांचें काय होतें, हा तो विषय. वरवर पाहतां तो केवळ पशुपालकांचा वाटेल. परंतु जें तांबें जनावराच्या अंगीं लागत नाहीं तें शेतांत जातें, आणि तेथें तें काय करतें हें पाहिलें म्हणजे हा प्रश्न गोठ्यापुरता राहत नाहीं.

प्राण्यांच्या शरीराला तांब्याची गरज असते, हें 1928 सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत झालेल्या प्रयोगांनीं स्पष्ट झालें. हार्ट, स्टीनबॉक, वॅडेल व एल्व्हेजेम हे संशोधक केवळ दुधावर उंदीर वाढवीत होते. दुधांत लोह फार थोडें असल्यामुळें त्या उंदरांना पांडुरोग जडे. शुद्ध लोह दिलें तरी त्यांचें रक्त सुधारेना; त्या लोहाबरोबर तांब्याचा अगदीं अल्प अंश दिला, तेव्हां तें सुधारलें. शरीरांतील लोह रक्ताच्या कामीं लागावें यासाठीं तांब्याचें साहाय्य लागतें, असा त्याचा अर्थ होता. डुकराच्या लहान पिलाची ही गरज एक किलो खाद्यामागें 5 ते 6 मिलिग्रॅम इतकीच असते. एक टन खाद्यांत पांच-सहा ग्रॅम तांबें म्हणजे चहाचा चमचाहि भरणार नाहीं.

गरज इतकी थोडी असतां पशुपालक त्याच्या कितीतरी पट तांबें कां घालूं लागले? याचें उत्तर इंग्लंडमध्यें मिळतें. रेडिंगजवळील शिनफील्ड येथें दुग्धव्यवसायाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था होती. तेथील ब्राउडे या संशोधकानें पुष्ट करावयाच्या डुकरांना तांब्याची गरज किती, याविषयींचीं आपलीं निरीक्षणें 1945 सालीं प्रसिद्ध केलीं. पुढें 1955 सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक किलो खाद्यांत 250 मिलिग्रॅम तांबें घालण्याच्या प्रयोगांचें फळ जाहीर केलें. हें प्रमाण गरजेच्या चाळीसपट होय. इतक्या तांब्यानें डुकरें आजारी पडावींत, अशीच सामान्य माणसाची अपेक्षा असेल. परंतु तीं अधिक वेगानें वाढलीं आणि तितक्याच वाढीसाठीं त्यांना खाद्यहि कमी लागलें. मोरचूद स्वस्त, मिळण्यास सोपा आणि मिसळण्यास सुलभ. त्यामुळें ही रीत लवकरच दूरवर पसरली.

तिला मर्यादा होती, हेंहि त्याच काळांत दिसून आलें. स्कॉटलंडमध्यें ॲबर्डीन येथील रोवेट संस्थेंतील सटल व मिल्स यांनीं 1966 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तांब्याचें प्रमाण किलोमागें 425 ते 750 मिलिग्रॅमपर्यंत चढविलें होतें. त्या डुकरांना कावीळ व रक्तक्षय झाला. खाद्यांत जस्त व लोह वाढविलें तेव्हां मात्र ही बाधा टळली. एकाच आहारांतील धातु एकमेकांच्या वाटेंत कसे येतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे. औषध आणि विष यांमधील अंतर येथें फार तर दुपटी-तिपटीचें आहे.

तांब्यानें वाढ कशी होते, याविषयीं शास्त्रज्ञांत दोन विचार आहेत. पहिल्या विचाराप्रमाणें तांबें आतड्यांतील उपद्रवी जंतूंना आवर घालतें, आणि जंतूंशीं झगडण्यांत जी शक्ति खर्च व्हावयाची ती वाढीला मिळते. मिशिगन राज्य विद्यापीठांतील एक प्रयोग या मताला आधार देतो. 1990 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत कांहीं डुकरें सर्वस्वीं जंतुरहित वातावरणांत वाढविलीं होतीं. नेहमींच्या गोठ्यांतील डुकरांना अधिक तांब्यानें लाभ झाला, पण जंतुरहित डुकरांना तो झाला नाहीं. उलट त्यांची वाढ खुंटली. दुसऱ्या विचाराप्रमाणें तांबें रक्तांत शिरून आंतूनहि काम करतें. व्हर्जिनियांतील संशोधकांनीं 1994 सालीं असें दाखविलें कीं, तांबें तोंडानें न देतां शिरेंतून टोंचलें तरीहि पिलांची वाढ अधिक होते. तेथें आतड्यांतील जंतूंचा संबंध सरळ येत नाहीं. दोन्ही विचारांत सत्याचा अंश असावा. मात्र एका गोष्टीवर दोहोंचें एकमत आहे. तांबें विरघळल्याखेरीज जंतूला बाधत नाहीं आणि विरघळल्याखेरीज रक्तांतहि जात नाहीं. म्हणून तराजूनें तोललेलें तांबें निराळें आणि पोटांत विरघळलेलें तांबें निराळें, असा भेद करावा लागतो.

या विरघळण्याचा पहिला मुक्काम म्हणजे जठर. आम्लता मोजण्याचा जो अंक आहे, त्याला पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा अंक 7. तो जसजसा उतरतो तसतसा आंबटपणा वाढतो, आणि एका अंकाची उतरण म्हणजे दसपट आम्लता. लिंबाच्या रसाचा अंक 2 ते 2.5 च्या आसपास असतो. वाढलेल्या डुकराच्या जठरांतील अंक 2 ते 3 पर्यंत उतरूं शकतो. म्हणजे तेथें जवळजवळ लिंबाचाच रस तयार असतो, असें म्हटलें तरी चालेल.

लहान पिलाची स्थिति मात्र तशी नसते. युरोपांतील गोठ्यांत पिलें सामान्यतः तीन-चार आठवड्यांचीं झालीं कीं आईपासून तोडतात. दूध पीत असतांना दुधांतील साखरेपासून जठरांत लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यांतील आम्ल, तयार होतें व त्यानें काम भागतें. दूध तुटतें, धान्याचें व पेंडीचें खाद्य सुरू होतें, आणि जठराला स्वतःचें आम्ल पुरेसें करण्याची शक्ति अजून आलेली नसते. शिवाय खाद्यांतील प्रथिनें व चुनखडी असलेलें थोडें आम्ल शोषून घेतात. अशा वेळीं पिलाच्या जठरांतील अंक 4 किंवा 5 पर्यंतहि चढलेला आढळतो. याच दिवसांत पिलांना हगवण लागते व पुष्कळ पिलें दगावतात. म्हणजे तांब्याची मदत ज्या वयांत सर्वांत अधिक हवी, त्याच वयांत तें विरघळविण्याची शक्ति सर्वांत कमी असते. कोणतें संयुग वापरावें, या प्रश्नाला महत्त्व येतें तें यामुळें.

या संयुगांपैकीं पहिलें व सर्वांत जुनें म्हणजे मोरचूद. त्यांत तांबें शेंकडा 25 असतें. तो विरघळण्यास आम्लाची वाट पाहत नाहीं. लाळेंत व ओल्या खाद्यांतहि विरघळूं लागतो. हा त्याचा गुण तोच त्याचा दोष. मोरचूद हवेंतील ओल धरतो, आणि विरघळलेलें तांबें खाद्यांतील स्निग्धांश व कांहीं जीवनसत्त्वें पिलाच्या तोंडीं पडण्यापूर्वींच नासवूं शकतें.

दुसरें संयुग तांब्याचें भास्मिक क्लोराइड. ही हिरवी पूड असून तींत तांबें शेंकडा 58 च्या सुमारास असतें. पाण्यांत ती विरघळत नाहीं, म्हणून खाद्याच्या पोत्यांत ती स्वस्थ राहते. जठरांतील आम्ल भेटलें कीं मात्र विरघळते. केंटकी विद्यापीठांतील क्रॉमवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1998 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिलांच्या वाढीच्या बाबतींत ती मोरचुदाच्या बरोबरीनें उतरली.

तिसरें म्हणजे तांब्याचें काळें ऑक्साइड. त्यांत तांबें शेंकडा 80, त्यामुळें कागदावरचा हिशेब मांडणाऱ्यास तेंच सर्वांत किफायतशीर दिसावें. पण याच क्रॉमवेल यांच्या 1989 सालच्या प्रयोगांत त्या हिशेबाची चूक उघड झाली. मोरचूद खाणारीं पिलें वाढलीं व त्यांच्या यकृतांत तांब्याचा सांठाहि वाढला. काळें ऑक्साइड खाणाऱ्या पिलांच्या बाबतींत यांपैकीं कांहींच घडलें नाहीं. पोत्यावर तांबें होतें, खाद्यांत होतें, पोटांतहि गेलें होतें. परंतु पिलाला तें मिळालें नव्हतें.

येथें चौकस श्रोत्यास शंका येईल कीं, ताम्हनावरचा काळपणा जर चिंचेनें क्षणांत जातो, तर हें काळें ऑक्साइड जठरांतील आम्लानें कां विरघळूं नये? विरघळतें, पण हळूहळू. ताम्हनावरील थर अत्यंत पातळ असतो, चिंचेचा ताजा कोळ त्यावर पुन्हां पुन्हां फिरतो आणि हाताचें घासणेंहि असतें. कारखान्यांत भाजून केलेल्या ऑक्साइडचे कण घट्ट असतात. आम्ल त्यांना बाहेरून थराथरानें पोखरीत जातें. जठरांतील मुक्काम कांहीं तासांचाच असतो. तेवढ्यांत कण पुरता विरघळला नाहीं तर तो तसाच पुढें ढकलला जातो, आणि पुढें आम्ल नसतें. म्हणून आम्लांत विरघळतें कीं नाहीं, एवढेंच विचारून भागत नाहीं. किती वेळांत विरघळतें, हेंहि विचारावें लागतें. कणाचा आकार, आम्लाचा अंक आणि हातीं असलेला वेळ, या तिहींचा मेळ बसावा लागतो.

चौथें संयुग तांबड्या रंगाचें ऑक्साइड. त्यांत तांबें शेंकडा 89 च्या आसपास असून युरोपीय संघानें 2016 सालीं त्यास खाद्यांत घालण्याची मान्यता दिली. तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं व आम्लांत मोरचुदापेक्षां सावकाश विरघळतें. याखेरीज अमिनो आम्लांशीं जोडलेलीं तांब्याचीं संयुगेंहि बाजारांत आहेत. तांब्याला एखादा सोबती आधींच जोडून दिला म्हणजे वाटेंत दुसरें कोणी त्याला धरणार नाहीं, ही त्यामागील कल्पना. प्रयोगांचीं उत्तरें मात्र याविषयीं सर्वत्र सारखीं आलेलीं नाहींत.

ही पारख करण्याची एक रीत काचपात्रांतील पचनाची आहे. डुकराच्या शरीराची उष्णता सुमारें 39 अंश असते. तितक्याच उष्णतेवर काचपात्रांत खाद्य, आम्ल व पेप्सिन हें जठरांतील पाचकद्रव्य एकत्र ढवळतात. ठरलेल्या वेळानंतर आम्लता कमी करून स्वादुपिंडाचीं पाचकद्रव्यें घालतात. मधून मधून थोडें द्रव काढून गाळतात आणि गाळून आलेल्या पाण्यांत तांबें किती उतरलें तें मोजतात. अशा रीतीनें कोणतें संयुग किती मिनिटांत किती विरघळलें, याचा आलेख मिळतो. काचपात्राला भूक लागत नाहीं व त्यांतून रक्तहि वाहत नाहीं. म्हणून अखेरचा निर्णय जिवंत जनावराच्या वाढीवरून व यकृतांतील सांठ्यावरूनच करावा लागतो. तथापि पुष्कळ जनावरांवर प्रयोग करण्यापूर्वी निवड करण्यास ही रीत उपयोगी पडते.

जठरांतून अन्न लहान आतड्यांत उतरतें तेव्हां देखावा एकदम पालटतो. स्वादुपिंडांतून खाण्याच्या सोड्यासारखा क्षार स्रवतो, आम्ल मारलें जातें आणि अंक 6 ते 7 पर्यंत चढतो. बोर्डो मिश्रणांत चुन्याची निवळी पडली असतां जें होतें, तेंच होण्याचा प्रसंग येथें येतो. जठरांत विरघळलेलें तांबें पुन्हां साका होऊन बसावयाचें. परंतु पचलेल्या प्रथिनांतील अमिनो आम्लें, विशेषतः हिस्टिडीन, त्याला धरून ठेवतात आणि बराचसा भाग द्रवांतच राहतो. त्याच वेळीं एक प्रतिस्पर्धीहि टपलेला असतो. मका, गहू, सोयाबीनची पेंड यांत फायटिक आम्ल असतें. वनस्पति आपला स्फुरद या रूपानें बियांत सांठवितात. हें आम्ल तांबें, जस्त, चुना यांना घट्ट आवळतें, आणि जें आवळलें तें पचनाबाहेर गेलें. मोरचुदाचें प्रमाण फार असलें तर हानि दोहोंकडून होते. तांबें अडकतेंच, आणि तांब्यानें बांधलेल्या फायटिक आम्लांतून स्फुरद सोडविणेंहि कठीण होतें.

जें तांबें या सर्वांतून निसटून आतड्याच्या भिंतीशीं पोंचतें, त्यालाहि सरळ प्रवेश नाहीं. भिंतीवरील पेशी प्रथम त्याचें रूप पालटतात, ठराविक प्रथिनांच्या दारांतून त्याला आंत घेतात आणि रक्तावाटे यकृताकडे रवाना करतात. यकृत गरजेपुरतें ठेवतें व अधिक झालें तें पित्तांतून पुन्हां आतड्यांतच सोडतें. खाद्यांत जस्त फार असलें तर पेशींत एक निराळें प्रथिन वाढतें, तें तांब्यालाच पकडून ठेवतें व ती पेशी झडली म्हणजे तांबेंहि तिच्याबरोबर बाहेर जातें. शरीराची ही व्यवस्था काटकसरीची आहे. तांबें जितकें अधिक द्यावें तितका त्यांतील स्वीकारलेला वांटा लहान होत जातो. 150 किंवा 250 मिलिग्रॅमच्या प्रमाणांत दिलेल्या तांब्यापैकीं नऊदशांश किंवा त्याहूनहि अधिक भाग विष्ठेंतून बाहेर पडतो.

मोठ्या आतड्यांत त्याला अखेरचें रूपांतर घडतें. तेथील जंतु गंधकयुक्त पदार्थांपासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायु तयार करतात. त्याच्या संगतीनें तांब्याचें सल्फाइड बनतें. तें काळें असतें व जवळजवळ कशांतच विरघळत नाहीं. भरपूर तांबें खाणाऱ्या डुकरांची विष्ठा काळसर दिसते, तिचें एक कारण हेंच.

गोठ्याच्या मालकाचा हिशेब येथें संपतो, पण तांब्याचा संपत नाहीं. डुकरानें खाल्लेल्या खाद्याच्या कोरड्या भागापैकीं सुमारें चारपंचमांश पचून जातो व एकपंचमांश विष्ठारूपानें उरतो. तांबें मात्र जवळजवळ सर्वच उरतें. म्हणून खाद्यांत तें किलोमागें 250 मिलिग्रॅम असेल तर वाळलेल्या विष्ठेंत तें पांचपट, म्हणजे 1200 मिलिग्रॅमच्या आसपास होतें. समजा, एका डुकरानें विक्रीला जाईपर्यंत 250 किलो खाद्य खाल्लें. 250 मिलिग्रॅमच्या हिशेबानें त्याच्या पोटांतून साठ ग्रॅमहून अधिक तांबें जाईल. अशीं एक हजार डुकरें म्हणजे साठ किलोहून अधिक. तेंच प्रमाण 25 मिलिग्रॅम ठेवलें तर हा आंकडा सहा किलोंवर येतो. हें खत जवळच्याच शेतांत वर्षानुवर्षें पडतें. पीक एका हेक्टरांतून वर्षाकाठीं शंभर ग्रॅमांच्या आसपास, बहुधा त्याहूनहि कमी तांबें उचलतें. बाकीचें तेथेंच राहतें. तांबें हें मूलद्रव्य आहे; तें कुजत नाहीं, जळत नाहीं, उडून जात नाहीं. आज मातीत गेलेलें तांबें नातवाच्या काळींहि त्याच मातीत सांपडेल.

याची पहिली झळ मेंढ्यांना लागते. मेंढीचें यकृत तांबें बाहेर टाकण्यांत फार दुबळें असतें. महिनोन्महिने तांबें सांठत जातें, बाहेरून कांहीं दिसत नाहीं, आणि एके दिवशीं सांठा फुटून रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. जनावर पिवळें पडून मरतें. म्हणून युरोपांतील नियमाप्रमाणें मेंढीच्या खाद्यांत तांबें किलोमागें 15 मिलिग्रॅमपेक्षां अधिक असतां कामा नये. डुकरांचें खाद्य मेंढ्यांना चारणें, किंवा त्यांचें खत नुकतेंच पडलेल्या कुरणांत मेंढ्या सोडणें, हें त्यामुळें धोक्याचें ठरलें आहे.

दुसरी झळ अदृश्य आहे, पण तिचा संबंध शहरांतील रुग्णालयांशीं पोंचतो. जेथें तांबें सदैव असतें तेथें तें सहन करणारे जंतु टिकतात. डेन्मार्कमधील हास्मन व ओरेस्ट्रप यांनीं 2002 सालीं एंटेरोकोकस जातीच्या जंतूंत तांबें सोसण्याची शक्ति देणारा एक आनुवंशिक घटक प्रसिद्ध केला. एका जंतूकडून दुसऱ्याकडे तो जाऊं शकतो. अधिक चिंतेची गोष्ट ही कीं, व्हँकोमायसिनसारख्या मौल्यवान औषधाला न जुमानण्याची शक्ति देणारा घटक त्याच धाग्यावर जोडलेला आढळला. व्हँकोमायसिनच्याच कुळांतील अव्होपार्सिन हें औषध डुकरांच्या खाद्यांतून डेन्मार्कनें 1995 सालींच काढून टाकलें होतें. औषध गेलें, तरी तांबें राहिलें. आणि तांब्याच्या आश्रयानें औषधाला न जुमानणारे जंतुहि टिकूं शकतात, हें या शोधानें ध्यानांत आणून दिलें.

या सर्वांचा परिणाम कायद्यावर झाला. युरोपीय संघानें 2003 सालीं बारा आठवड्यांपर्यंतच्या पिलांना किलोमागें 170 मिलिग्रॅम व मोठ्या डुकरांना 25 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. 2018 सालच्या नियमानें ती आणखी आवळली. दूध तोडल्यानंतर चार आठवड्यांपर्यंत 150, पुढील चार आठवडे 100, आणि त्यानंतर 25. चीननेंहि 2018 पासून 25 किलो वजनापर्यंतच्या पिलांना 125 व त्यापुढें 25 मिलिग्रॅम हें प्रमाण लागू केलें. हे आंकडे नीट पाहिले तर त्यांत एक शहाणपण दिसतें. दूध तुटल्यानंतरच्या कसोटीच्या दिवसांत मदत करावी, आणि पिलूं सांवरतांच हात आखडावा.

तरीहि कायदा मोजतो तें पोत्यांतील तांबें. पिलाला उपयोगी पडतें तें पोटांत योग्य जागीं व योग्य वेळीं विरघळलेलें तांबें, आणि मातीला पोंचतें तें या दोहोंमधील सर्व बाकी. विरघळण्याचा अभ्यास जसजसा सूक्ष्म होईल तसतसे कमी तांब्यांत तेंच काम करून घेणें शक्य होईल, आणि ही बाकीहि लहान होईल. दाण्यांतील फायटिक आम्ल फोडणारें पाचकद्रव्य खाद्यांत मिसळणें, चुनखडीचें प्रमाण आंवरणें, पिलाच्या जठराला थोड्या सौम्य आम्लाची जोड देणें, हे सारे उपाय त्याच दिशेचे आहेत. युरोपीय संघांत औषधी प्रमाणांतील झिंक ऑक्साइडवर जून 2022 पासून बंदी आल्यामुळें पिलांच्या हगवणीवरील एक जुना आधार गेला. अशा वेळीं त्याची जागा अधिक तांब्यानें भरून काढण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. त्या मोहाला आवर घालावयाचा तर किती घातलें हें न विचारतां किती कामीं आलें, हें विचारण्याची संवय लागली पाहिजे.

आहारशास्त्रांतील हा नियम डुकरांपुरता नाहीं. मनुष्याच्या ताटांतील लोहालाहि तोच लागू पडतो. पालेभाजींत लोह आहे म्हणून तें सर्व रक्तांत जातें असें नव्हे. भाजीवर लिंबू पिळल्यानें त्यांतील लोह अधिक अंगीं लागतें, हें आहारशास्त्रज्ञ सांगतात. पानांत काय वाढलें आणि अंगीं काय लागलें, यांत अंतर आहे. तें अंतर बहुधा विरघळण्याचें असतें, आणि ताम्हन घासतांना चिंचेचा कोळ हातांत घेणाऱ्या गृहिणीला त्याची किल्ली फार पूर्वींपासून ठाऊक आहे.